जर्मनीचे ऑफर लेटर, साडेतीन लाख रुपये आणि कुपवाडची नोकरी

वाचकाचे पत्र

मी सांगली जिल्ह्यातील एका गावचा असून यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो आहे. कॅम्पस मुलाखतीतून कुपवाड एमआयडीसीतील व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात, दरमहा १८ हजारांची जागा मिळाली आहे. दरम्यान पुण्यातील एका सल्लागाराने मला जर्मनीतील एका कंपनीचे ऑफर लेटर आणून दिले आहे. महिना २,५०० युरो पगार, ‘ब्लू कार्ड’ची हमी, आणि भाषा तिकडे गेल्यावर शिकता येईल, असे तो सांगतो. त्याची फी साडेतीन लाख असून त्यातले ५० हजार या आठवड्यातच भरायचे आहेत. पडताळणीसाठी म्हणून माझ्या मूळ गुणपत्रिका त्याने ठेवून घेतल्या आहेत. वडील एक एकर रान गहाण टाकायला तयार आहेत, आई नको म्हणते. वर्गातले दोन मित्र एमएससाठी बाहेर निघाले आहेत. १८ हजारांच्या नोकरीत एकदा अडकलो की परदेशाची वाट कायमची बंद होईल, अशी भीती वाटते. पैसे भरावेत का? ऑफर लेटरची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर

पैसे भरू नका. या आठवड्यात नको आणि पुढच्या आठवड्यात दहा हजारांची सूट देतो म्हणाला तरी नको. तुमच्या आई जे म्हणत आहेत ते बरोबर आहे. कुपवाडची जागा मात्र स्वीकारा. त्या नोकरीमुळे परदेशाची वाट बंद होईल, ही तुमची भीती मला उलटी वाटते, आणि का ते पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी तुम्ही पाठवलेल्या ऑफर लेटरकडे नीट पाहू.

त्या पत्रात महिना २,५०० युरो, म्हणजे वर्षाला ३०,००० युरो पगार लिहिला आहे आणि खालच्याच परिच्छेदात तुम्हाला ब्लू कार्ड मिळेल असे म्हटले आहे. या दोन गोष्टी एकाच कागदावर खऱ्या असू शकत नाहीत. ब्लू कार्ड हा जर्मनीतील उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा वास्तव्य परवाना असून त्यासाठी पगाराची किमान मर्यादा कायद्याने ठरवलेली असते. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी, तसेच गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्या तुमच्यासारख्या नवपदवीधरांसाठी ती थोडी खाली, सुमारे ४३,७६० युरोंवर ठेवली होती. म्हणजे सर्वांत सवलतीच्या त्या दरातही महिना साधारण ३,६५० युरो पगार लागत होता. तुमच्या पत्रातला आकडा त्याच्या आसपासही नाही, आणि ज्या कंपनीला खरोखरच ब्लू कार्डवर माणूस न्यायचा असतो तिच्या मनुष्यबळ विभागाला हा हिशेब पाठ असतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. पत्राच्या शिरोभागी कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि शहर आहे, परंतु रस्ता, घरक्रमांक किंवा नोंदणी क्रमांक नाही आणि ई-मेल जीमेलचा आहे. जर्मनीत व्यावसायिक संकेतस्थळावर ‘इम्प्रेसुम’ नावाचे पान ठेवणे कायद्याने बंधनकारक असते आणि त्यावर कंपनीचा पूर्ण पत्ता, जबाबदार संचालकांची नावे आणि व्यापार नोंदवहीतील क्रमांक द्यावा लागतो. त्या नावाच्या कंपनीचे संकेतस्थळ स्वतः शोधा, सल्लागाराने पाठवलेल्या दुव्यावरून जाऊ नका, आणि इम्प्रेसुमवरील ई-मेलवर दोन ओळींचे पत्र लिहून हे ऑफर लेटर तुमचेच आहे का, असे सरळ विचारा. खऱ्या कंपनीला या प्रश्नाचा राग येत नाही. शिवाय नोकरीच्या व्हिसासाठी नियोक्त्याने स्वतः भरून सही केलेले, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, सुट्ट्या आणि पगार नमूद केलेले एक ठरावीक निवेदन लागते. ते आणून द्या म्हटल्यावर सल्लागार काय बोलतो, एवढे ऐकले तरी पुष्कळ कळेल. ‘आधी बुकिंग करा, मग सगळे कागद येतात’ हे उत्तर मिळाले तर बोलणे तिथेच थांबवा.

आता त्या साडेतीन लाखांविषयी. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करण्याचा धंदा आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली येतो. तो करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचे नोंदणी प्रमाणपत्र असावे लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. अशा एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. म्हणजे तुमच्या सल्लागाराची नोंदणी असली तरी साडेतीन लाख बेकायदा आहेत आणि नोंदणी नसली तर एक रुपयाही बेकायदा आहे. ही मंडळी स्वतःला एजंट म्हणवून न घेता ‘कन्सल्टंट’ म्हणवतात, आणि पावती दिलीच तर ती ‘समुपदेशन’, ‘प्रोफाइल बिल्डिंग’ किंवा ‘डॉक्युमेंटेशन’ या नावाने देतात. त्यामागचे कारण हेच की उद्या नोकरी मिळाली नाही तर आम्ही नोकरीचे पैसे घेतलेच नव्हते, असे सांगता यावे.

पदवीधरांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दहावी पास नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक’, असा शेरा असतो. आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याचा करार सरकारी कचेरीत तपासला जातो आणि त्याचा दहा लाखांचा विमाही उतरवला जातो. शिकलेल्या माणसाला आपले बरेवाईट कळते असे गृहीत धरून तुम्हाआम्हाला या तपासणीतून सूट दिलेली आहे. परिणामी गवंडीकाम करायला मस्कतला जाणाऱ्या माणसाचा करार निदान एक अधिकारी वाचतो, तुमचा मात्र आपल्याकडचा कोणताही अधिकारी वाचत नाही. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स’ची नोकरी म्हणून गेलेल्या आणि म्यानमारच्या म्यावाडी भागातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेल्या मुलांत संगणक येणारी, इंग्रजी बोलणारी, शिकलेली मुले होती. २०२५ च्या मार्चमध्ये सीमेपलीकडच्या थायलंडमधील माए सोतहून हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. तुमच्या सल्लागाराची मजल तिथवर जाईल असे मी म्हणत नाही. त्याला बहुधा केवळ ५० हजारच हवे आहेत. पण शिक्षण झाले आहे म्हणून आपण फसणार नाही, या विश्वासावर विसंबू नका.

एवढे सगळे सांगून ‘परदेशाचा नाद सोडा’ असे मी लिहिणार आहे, अशी तुमची समजूत झाली असेल तर ती दूर करतो. जर्मनीला इंजिनिअर हवे आहेत ही गोष्ट खरी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. मागणी खरी असते म्हणूनच तिच्या आडोशाने खोटा बाजार उभा राहतो. प्रश्न इतकाच आहे की त्या मागणीत आज, या घडीला, तुम्ही कुठे बसता.

जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्ट’ नावाचा परवाना सुरू केला आहे. हातात नोकरी नसताना वर्षभर तिथे राहून ती शोधण्याची मुभा त्यावर मिळते. पदवी स्वतःच्या देशात मान्य असणे आणि जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ पातळीपर्यंत येणे, या मूळ अटी आहेत (भाषेच्या पातळ्या ए-१ या प्राथमिक पायरीपासून ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात). त्यानंतर किमान सहा गुण जमवावे लागतात. तुमचे गुण मोजून पाहू. वय ३५ च्या आत आहे म्हणून दोन. इंजिनिअरिंग टंचाईच्या व्यवसायांत मोडते म्हणून एक. आज तुमच्या खात्यावर एवढेच, म्हणजे तीन गुण आहेत. आता कुपवाडला दोन वर्षे काम केलेत असे धरा. गेल्या पाच वर्षांत आपल्या विषयातला दोन वर्षांचा अनुभव असेल तर दोन गुण मिळतात. त्याच दोन वर्षांत संध्याकाळी अभ्यास करून जर्मन बी-१ पातळी गाठलीत तर आणखी दोन. तीनाचे सात झाले, आणि त्यासाठी कोणा सल्लागाराला एक छदाम द्यावा लागला नाही. तुमची पदवी जर्मन पदवीच्या तोडीची ठरली तर गुणांचीही गरज उरत नाही. त्यासाठी ‘आनाबिन’ या जर्मन सरकारी माहितीकोशात तुमच्या विद्यापीठासमोर ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, अशी नोंद आहे का हे आधी पाहा, आणि पदवीची नोंद तिथे सापडली नाही तर तिथल्या केंद्रीय कचेरीकडून तुलनापत्र मागवा. त्याचे शुल्क सुमारे दोनशे युरो आहे. सल्लागार ज्याला ‘प्रोफाइल इव्हॅल्युएशन’ म्हणतो आणि ज्यासाठी कित्येक हजार घेतो, त्यातला खरा भाग एवढाच असतो.

तरीही चान्सेनकार्टसाठी आज धावू नका, असेच माझे मत आहे. वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. २०२५ च्या दराने महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो, आपल्या पैशांत तेरा लाखांच्या घरात. हे पैसे तुमच्याच नावावर राहतात आणि दरमहा तुम्हालाच मिळतात, पण त्या वर्षात नोकरी लागली नाही तर ते खर्च झालेले असतात. आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायची परवानगी असते, परंतु भाषा नसताना ते काम गोदामात खोकी उचलण्याचे मिळते आणि त्यातून इंजिनिअरच्या नोकरीकडे जाणारी वाट सापडणे कठीण असते. अनुभव नाही, भाषा नाही आणि बँकेत गहाण रानाचे पैसे, अशा स्थितीत ते वर्ष काढणे फार जड जाईल.

म्हणून कुपवाड. ज्या नोकरीला तुम्ही अडकणे म्हणता तिच्यात तुम्हाला नेमके काय मिळणार आहे ते पाहा. व्हॉल्व्हच्या कारखान्यातला गुणवत्ता विभाग म्हणजे रोज ड्रॉइंग वाचणे, टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) सांभाळणे, मायक्रोमीटरपासून सीएमएम या त्रिमितीय मापनयंत्रापर्यंतची मोजमापे, हायड्रो टेस्टचे म्हणजे पाण्याच्या दाबाखालील चाचणीचे अहवाल, आणि एखादी खेप नाकारली गेली की तिच्यामागचे कारण शोधून लिहिणे. जर्मनीतल्या मध्यम आकाराच्या यंत्रसामग्री कंपन्यांना दूरदेशीचा उमेदवार घ्यायचा असतो तो असल्या नेमक्या कामासाठी. कोरी पदवी घेतलेले उमेदवार त्यांना त्यांच्याच गावातल्या महाविद्यालयातून मिळतात, शिवाय त्यांना भाषाही येते. दोन वर्षांनंतर ‘मी अमुक मापाचे व्हॉल्व्ह तपासले, अमुक प्रकारच्या तक्रारी हाताळल्या’ असे लिहिणारा माणूस आणि आज ‘मेहनती आणि शिकण्याची आवड असलेला’ असे लिहिणारा माणूस यांतला फरक समोरच्याला पहिल्या ओळीत कळतो. एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांभाळा. नियुक्तिपत्र, प्रत्येक महिन्याची पगारपत्रिका, पीएफची नोंद, आणि नोकरी सोडताना कामाचे तपशीलवार वर्णन असलेले, लेटरहेडवर सही-शिक्क्याचे अनुभवपत्र. आपल्याकडे दोन ओळींचे अनुभवपत्र देण्याची पद्धत आहे. जर्मन कंपन्यांना मात्र माणसाने नेमके काय केले हे वाचायचे असते, तेव्हा मसुदा स्वतः तयार करून साहेबांपुढे ठेवायला संकोचू नका.

वर्ष-दीड वर्षानंतर चाकण-पिंपरीकडे नजर टाका. पुण्याच्या परिसरात फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, बॉश यांचे कारखाने आहेत, पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारी केएसबी आहे, आणि त्यांना माल पुरवणारे कारखाने तर कितीतरी आहेत. जर्मन कंपनीच्या भारतीय कारखान्यातून तिच्या मूळ कार्यालयात बदलीवर किंवा प्रकल्पावर जाणे हा परदेशी जाण्याचा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत भक्कम मार्ग आहे. त्यात तिकीट कंपनी काढते.

आता भाषा. ‘तिकडे गेल्यावर शिकता येईल’ हे सल्लागाराचे वाक्य त्याच्या ऑफर लेटरपेक्षाही खोटे आहे. बर्लिनमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत इंग्रजीवर भागते. कारखान्यात भागत नाही. फोरमन, सुरक्षेच्या सूचना, तपासणीचे अहवाल, सगळे जर्मनमध्ये असते. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. मॅक्स म्युलर भवन आहे, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे रानडे इन्स्टिट्यूटमधले वर्ग आहेत, आणि सांगलीहून रोज जाणे शक्य नसल्यामुळे मॅक्स म्युलर भवनाचे ऑनलाइन वर्ग तुम्हाला सोयीचे पडतील. नोकरी सांभाळून बी-१ गाठायला दीड वर्ष लागेल असे धरून चला. बी-१ च्या परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात ६० टक्के लागतात आणि ते वेगवेगळ्या वेळी देता येतात, म्हणून एक भाग राहिला तर खचून जायचे कारण नाही. आपली मुले व्याकरण घोकून वाचन-लेखन काढतात आणि श्रवणात अडतात, तेव्हा पहिल्या महिन्यापासून कान तयार करा. आणि ‘बी-१ चे सर्टिफिकेट मॅनेज करून देतो’ असे कोणी म्हणाले तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि खोटा कागद जोडल्याचे उघड झाले की केवळ तोच नाही, तर पुढचे अर्जही धोक्यात येतात.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केल्याचे तुमच्याही वाचनात आले असेल. त्याचा मुख्य रोख परिचर्या, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा व्यवसायांवर आहे. सरकारी मार्गाने नोंदणी करायला हरकत नाही, परंतु नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे, आणि ‘सरकारी कोट्यातून करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मित्र एमएसला निघाले म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. मात्र तो पर्याय तुमच्यासाठीही खुला आहे, एवढे ध्यानात असू द्या. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. गंमत अशी की ज्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी आपला करार झाला तेच राज्य बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येईल अशा खात्यात, दाखवावे लागतात आणि भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे, प्रमाणपत्र घ्यावे लागते. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ही तिची मोठी जमेची बाजू. दोन वर्षांच्या कमाईतून थोडे साठवून आणि उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढून हा मार्ग धरता येईल.

दोन योजना अशा आहेत की ज्यांत सोडत असते आणि म्हणून एजंटाला काहीही करता येत नाही. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना १८ ते ३० वर्षांच्या भारतीय पदवीधरांना नोकरी हातात नसतानाही दोन वर्षे राहून काम करू देते. वर्षाला ३,००० जागा असतात, सोडतीत भाग घेणे विनामूल्य आहे, निवड झाल्यावर २,५३० पौंडांची शिल्लक दाखवावी लागते आणि व्हिसा शुल्काखेरीज दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १,५५२ पौंड भरावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या ‘मेट्स’ योजनेतही ३,००० जागा आहेत. ती ठरावीक मानांकित संस्थांतून गेल्या दोन वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी आहे, म्हणून तुमची संस्था तीत बसते का ते आताच पाहा. तिचे सोडत शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. दोन्हीकडे अर्ज स्वतः करा आणि नंतर विसरून जा. लागली तर लागली. अमेरिकेचा विचार सध्या मनातही आणू नका. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एच-वन-बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आल्यापासून नवख्या उमेदवारासाठी तो दरवाजा जवळजवळ लागलेलाच आहे.

राहिला प्रश्न रानाचा. वडिलांनी तयारी दाखवली यात त्यांचे तुमच्यावरचे प्रेम दिसते, पण उसाचे बिल वर्षातून एकदा येते आणि सावकाराचे किंवा बँकेचे व्याज दर महिन्याला चढते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांच्याशी बोलताना ‘तुम्ही नको म्हणा’ अशी जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. ऑफर लेटर त्यांच्यापुढे ठेवा, २,५०० गुणिले १२ आणि त्याखाली ४३,७६० असे दोन आकडे कागदावर मांडून दाखवा आणि तुम्ही स्वतःच नाही म्हणा. पोराने हिशेब करून नकार दिला याने त्यांचे मन दुखावणार नाही.

आणि हे सगळे करण्यापूर्वी, उद्याच, मूळ गुणपत्रिका परत आणा. पडताळणीसाठी मूळ कागद ठेवून घेण्याचे कोणालाही कारण नसते, आणि पैसे काढण्यासाठी हीच कागदपत्रे अडवली जातात. सोबत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला घेऊन जा, पैशांचा किंवा फसवणुकीचा विषय काढू नका, कंपनीत रुजू होताना मूळ कागद दाखवायचे आहेत एवढेच सांगा. ते खरेही आहे. त्याने टाळाटाळ केली तर कागदपत्रांची यादी आणि ती दिल्याची तारीख लिहून परत करण्याची लेखी मागणी ई-मेलने करा, त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे संभाषण जपून ठेवा, आणि आठवड्याभरात कागद मिळाले नाहीत तर पुण्यातील त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या व तिची पोच घ्या. ई-मायग्रेट पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. कागद हाती आले की प्रत्येकाची रंगीत स्कॅन प्रत करून ठेवा, आणि कुपवाडच्या कंपनीला रुजू होण्याची तारीख कळवून टाका.